शपथेत बिअर नव्हती

"दारू किती वर्षांपासून घेता?" डॉक्टरांनी विचारलं. माझ्या बापाने त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, "दारू न्हाई साब. पंधरा वर्सं झाली, मैलारच्या देवाफुडं भंडारा उचललाय."

मी त्याच वॉर्डात नर्स. त्यांचे रिपोर्ट माझ्याच हातात होते. पोटात पाणी झालेलं, डोळे पिवळे, लिव्हर कामातून गेलेलं. पंधरा वर्षं थेंब न घेणाऱ्याचं असं होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले तशी मी दबक्या आवाजात म्हणाले, "अप्पा, देवाचं नाव घेऊन तरी खोटं बोलू नका."

"खोटं कामून बोलू?" अप्पा म्हणाले. "बिअर पेलो मी. बिअरचं नाव तू घेतलंच न्हाईस."

मी हातातले रिपोर्ट मिटले.

अप्पांचं म्हणणं खरं होतं, हीच तर बोंब. त्र्याण्णव साली मी दहा वर्षांची होते. अप्पांना रक्ताची उलटी झाली आणि हुमनाबादच्या डॉक्टरने सांगितलं की, आता प्यायला तर जगणार नाही. मायने आम्हाला गावाहून, निर्ण्याहून, थेट मैलारच्या देवाला नेलं. आम्ही मूळचे मेंढरांमागे फिरणारे. मेंढरं गेली, मजुरी आली, पण देवाचा भंडारा, म्हणजे हळद, तळहातावर घेऊन बोललेला शब्द आमच्यात अजून कुणी मोडत नाही. मात्र शब्द मोघम चालत नाही. जे सोडायचं त्याचं नाव घ्यायचं, नाव घेतलं तेवढंच बांधलं जातं. मायला दारूंची नावं कुठली येणार? मी चौथीत, वर्गात पहिली. तिने मला पुढे ढकललं. मी एकेक नाव सांगत गेले आणि अप्पा म्हणत गेले: शिंदी, हातभट्टी, ब्रँडी, व्हिस्की, रम. शहाणपणा करून मी भांगही घातली. लोक हसले. बिअर तेव्हा निर्ण्यात पाहिली होती कुणी?

आणि माणसाने शब्द पाळला हो. चौदा वर्षं पाळला. जत्रेत भाऊबंद पीत बसले की हा उठून लांब बाभळीखाली जाऊन बसायचा. खोकल्याचं औषधसुद्धा मला विचारून घ्यायचा.

पुढे गावात काम उरलं नाही. अप्पा हैदराबादला एका बंगल्यावर वॉचमन झाले. मालक हरिओम साहेब, मूळचे आमच्याच भागातल्या औरादचे, कॉम्प्युटरवाले, एकटेच राहणारे. परदेशाच्या फेऱ्या करून करून त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं, की एका वर्षात जगातल्या शंभर बिअर चाखायच्या आणि प्रत्येकीबद्दल वहीत लिहायचं. एकट्याने पिण्यात काय मजा? त्यांनी गेटवरून अप्पांना आत बोलावलं.

अप्पांनी पहिल्या दिवशी भंडाऱ्याचं सांगून हात जोडले होते. नुसतं विचारलं, याला म्हणतात काय? मग दोन दिवस गेटवर बसून विचार केला. मी सांगितलेली नावं बोटांवर पुन्हा पुन्हा मोजली. बिअर त्यात नव्हती. तिसऱ्या दिवशी ते आपण होऊन आत गेले.

हे सगळं मला वॉर्डात त्यांनीच सांगितलं, आणि काय चवीने सांगितलं! दर वेळी साहेब विचारायचे, "काका, कशी आहे?" अप्पा घोट तोंडात घोळवून सांगायचे. बेल्जियमच्या बाटलीला म्हणाले, हिच्यात धने हायत आन संत्र्याची साल. साहेबांनी लेबल वाचलं तर खरंच तसं. आयर्लंडची काळी म्हणजे करपलेली भाकर. जर्मनीच्या एकीला त्यांनी नाव दिलं शेकोटीजवळ वाळत टाकलेली घोंगडी. जपानची निघाली तांदूळ धुतलेलं पाणी. साहेबांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला, मित्रांना बोलावून ऐकवला. आणि जिभेचा सराव राहावा म्हणून आमचा बाप मधल्या दिवसांत कोपऱ्यावरच्या दुकानातली बिअर प्यायला लागला. रोज. आधीच अधू झालेल्या लिव्हरचा त्यानेच घात केला.

माय खाटेच्या पायथ्याशी बसून सगळं ऐकत होती. मला म्हणाली, "लई हुशार म्हनून तुला फुडं केल्ते. येक नाव इसरलीस."

हा राग मला कुणावर तरी काढायचा होता. अप्पांना भरती केल्यापासून सहाव्या दिवशी हरिओम साहेब आले. मी त्यांना दारातच अडवलं. माझ्या बापाला पिणं मना होतं, प्यायला तर मरेल असं डॉक्टरने सांगितलं होतं, तुम्ही त्याला वर्षभर पाजलंत, असं सगळं तोंडावर सांगितलं. ते पांढरेफटक पडले. काकांनी डॉक्टरचं कधी सांगितलंच नाही, एवढंच त्यांना म्हणता आलं.

तेवढ्यात अप्पांनी त्यांना पाहिलं. स्वतःहून कूस न बदलणारा माणूस हाताला जोर देऊन उठून बसला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि म्हणाला, "या साहेब. शंभरातल्या कितव्या नंबरावर आलो आपन?"

मी बाजूला झाले. साहेबांना स्टूल दिलं. ते स्टूल खाटेजवळ ओढून बसले. मग त्यांनी विचारलं, "काका, सगळ्यांत चांगली कुठली लागली?"

अप्पा त्यांच्याकडे झुकले. "खरं सांगू? येकबी न्हाई. कडू जहर निस्ती. आपल्या शिंदीची सर कुनालाच न्हाई. तुमी इचारत हुता, म्हनून पेत हुतो."

साहेब तोंडाला रुमाल लावून बाहेर गेले. माझी भांडणाची सगळी तयारी फुकट गेली. घरात आम्ही त्या माणसाला आयुष्यभर सांगतच आलो होतो. हे पिऊ नका, ते खाऊ नका, गप बसा, शपथ घ्या. मी तर नावं पढवून शपथ घ्यायला लावली. काय कसं लागतं हे त्यांना आमच्यातल्या कुणी एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मायने ज्वारीच्या कण्या शिजवून आणल्या, अळणी. पोटात पाणी होतं म्हणून मीठ बंद होतं. तसं त्यांच्या कार्डावर मीच माझ्या हाताने लिहिलं होतं. सकाळीच डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, चार-सहा दिवस धर.

मी पहिला चमचा भरवला आणि विचारलं, "अप्पा, कशा झाल्यात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून घास तोंडात घोळवला. घाई केली नाही. "जवारी जुनी हाय," ते म्हणाले. "चुलीवरची न्हाई, गॅसवरची. आन मीठ न्हाई."

माय माझ्याकडे बघायला लागली. मी उठून दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणलं, वाटीत टाकून हलवलं, आणि दुसरा चमचा पुढे केला.

"आता?"

"आता झ्याक," अप्पा म्हणाले, आणि वाटी माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतली.