टीव्हीच्या पाठीवरचा हात

टेसाने टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवला. थरथर होती, म्हणजे आवाज होता. बेकरीतून दुपारी घरी आली की ती हे आधी बघायची आणि मगच सोफ्यावर आडवी व्हायची. पहाटे तीनपासून पीठ मळून खांदे भरून आलेले असत. तिची तीन वर्षांची मुलगी नेल पडद्यासमोर मांडी घालून बसे. पडद्यावर कार्टूनमधलं बीव्हरचं, म्हणजे नदीकाठी बिळात राहणाऱ्या प्राण्याचं पिल्लू, खाली त्याच्या बोलण्याची अक्षरं. टेसा जन्मापासून बहिरी, आणि घरात बोलणारं तिसरं माणूस नाही. नेलला मात्र ऐकू येत होतं. तिच्या कानांवर शब्द पडायला हवे होते. ते काम टेसाने त्या पिल्लावर सोपवलं होतं.

आज झोप नशिबात नव्हती. दारावरच्या घंटेचा दिवा लुकलुकला, तसा तिने घाईने टीव्ही बंद केला. बफेलो शहराहून तिची आई जोन आली होती. तिच्या हातात चाकांची रिकामी बॅग होती.

आत येताच जोनने टीव्हीला हात लावून पाहिला.

"गरम आहे," तिने खुणेने सांगितलं. तीस वर्षं झाली, तरी तिचे हात अजून अडखळत.

"आताच बंद केला."

"ईस्टरला काय ठरलं होतं? जूनपर्यंत बोलली नाही, तर उन्हाळाभर माझ्याकडे."

"ती दिवसभर बोलते, आई."

"हातांनी. तोंडाने नुसतं गुळमुळ करते. एक शब्द धड कळत नाही. सप्टेंबरात शाळा आहे. मी बोलेन तिच्याशी."

"माझ्याशीही खूप बोलायचीस तू."

जोन गुडघ्यांवर बसून नेलचे मोजे बॅगेत भरू लागली. टेसाला भांडायला हवं होतं, पण भांडायलाही हात उचलावे लागतात. तिने नेलचा उशीखालचा कापडी ससा काढून आईकडे दिला, पण नेलने तो परत आपल्या हातात घेतला.

जोन जिन्यावरून पुढे निघाली, मागोमाग नेल आणि टेसा. बॅगेची चाकं पायरीपायरीवर आपटत होती. कठड्यावर ठेवलेल्या हाताला टेसाला एकेक दणका कळत होता. मधल्या वळणावर धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन एक बाई वर येत होती. समोरच्या घरात आठवड्यापूर्वी आलेली मिलाग्रोस, पोर्टो रिकोची. नेलला पाहताच तिने टोपली खाली ठेवली, कमरेवर हात दिले आणि तोंडभर हसत काहीतरी विचारलं. नेलचेही ओठ हलले. बराच वेळ हलत राहिले.

जोन पोरीकडे बघतच राहिली. मिलाग्रोस आता तिच्याशी बोलू लागली. मग जोनने फोन काढला, त्यावर लिहिलं आणि टेसासमोर धरला.

'ही मोडक्या इंग्रजीत विचारते, पोरीला इतकं छान स्पॅनिश कुणी शिकवलं? म्हणते, माझा नातू पाच वर्षांचा घोडा झाला, त्याला असं येत नाही. काल दुपारी ही लसूण मागायला आली होती. नेलने दार उघडलं आणि हिलाच दटावलं.'

टेसाने ते दोनदा वाचलं. स्पॅनिश. नेल रिमोटची सगळी बटणं दाबत बसायची; त्यात टीव्हीचा आवाज कधीतरी स्पॅनिश झाला असणार. खालची अक्षरं इंग्रजीच राहिली होती. आणि तळहाताला लागणाऱ्या थरथरीला भाषा नसते.

"काय म्हणून दटावलं?"

जोनने फोन खिशात ठेवला. या वेळी तिचे हात अडखळले नाहीत.

"हळू बोल. आई झोपली आहे."

ते वाक्य टेसाला पाठ होतं. रोज दुपारी बिळाच्या तोंडाशी उभं राहून ते पिल्लू शेजारच्या बदकाला हेच सांगायचं. ती अक्षरं वाचता वाचताच तिचे डोळे मिटत. तिच्या झोपेसाठी आजवर कुणी आवाज कमी केला नव्हता. तशी गरजच कधी पडली नव्हती.

ती पायरीवर बसली. नेलने तिच्या मांडीवर ससा ठेवला आणि बोटांनी विचारलं, 'दमलीस?'

मिलाग्रोस टोपली उचलून वर गेली. मग जोनने बॅग फिरवली आणि आल्या वाटेने पायऱ्या चढू लागली.

टेसाने कठड्यावर तळहात ठेवला. एकही दणका लागला नाही. तिने मान वर करून पाहिलं. आईने बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि ती चवड्यांवर चालत होती.