वरची नळी की खालची

ट्रकचे इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरच्या विजेवरील पंख्यास चालू-बंद करणारा तापमानाचा स्विच नेमका कोठे बसवावा, या प्रश्नावरून एका सज्जनाच्या जिवास कसा घोर लागला व तो कसा फिटला, ते प्रस्तुत कथेत यथाशक्ती कथन करण्याचे योजिले आहे. वाचकांनी शांतचित्ताने वाचावे.

युनलिन प्रांती आमच्या गावात समुद्रदेवी माझूमातेच्या मिरवणुकीतील मोठा ढोल ट्रकवरून वाहण्याचा मान तेंगशानच्या घराण्याकडे, त्याच्या वडिलांपासून होता. मिरवणूक माणसाच्या पावलाने चालते. ट्रकच्या तोंडाला वारा असा लागतच नाही. गतवर्षी शेजारगावच्या देवळासमोरच त्याच्या निळ्या ट्रकचे इंजिन उकळले व ढोलासकट ट्रक ढकलत न्यावा लागला. शेजाऱ्यांनी गार चहा पाजला, आणि वर विचारले, "बाओचे पाव वाफवायला ठेवलेत का, मालक? झाले की दोन इकडंही द्या."

पुन्हा असे घडल्यास मान दुसऱ्यास जाईल, असे आमच्या देवळाच्या पंचांनी बजावले होते.

तेंगशानच्या थोरल्या बहिणीचे यजमान खुनदाजी गॅरेज चालवीत. त्यांनी इंजिनाबरोबर मंद फिरणारा जुना पंखा काढून विजेचा बसविला. वाद पेटला तो स्विचवरून. इंजिनात तापलेले पाणी वरच्या नळीने रेडिएटरात शिरते, तेथे निवते आणि खालच्या नळीने परत जाते.

"दाजी, ताप बघायला कपाळाला हात लावतात, तळपायाला नाही. वर बसवा."

"न्हाऊन बाहेर आलेल्याला विचारावं, गार वाटलं का म्हणून. आत शिरणाऱ्याला काय विचारतोस? खालीच बसणार."

दाजींनी स्विच खाली बसविला. देवळाच्या पटांगणात ट्रक गोगलगाईच्या गतीने फिरविला, तर तापमापकाचा काटा तांबड्या रेघेला टेकला तेव्हा कोठे पंखा जागा झाला.  तेंगशानने शहरातून दुसरा स्विच आणला व स्वहस्ते वरच्या नळीत बसविला. आता पंखा सुरू झाला तो थांबेचना. मिरवणुकीचे दिवे व कर्णे लावून पाहिले, तर दुपारपर्यंत बॅटरी उतरली.

"पंखा झकास चालतोय," दाजी म्हणाले. "ट्रकच तेवढा चालत नाही."

तेव्हापासून दोघांत अबोला. मिरवणूक परवावर आली, तशी बहिणीनेच दोघांना देवीपुढे कौल लावण्यास धाडले.

तेंगशानने अर्धचंद्राकृती लाकडाची जोडी टाकली. "माते, वर बसवू?" दोन्ही सपाट बाजू वर पडल्या. म्हणजेच देवी हसली; हो नाही की ना नाही.

"खाली बसवू?" दाजींनी विचारले. देवी पुन्हा हसली.

दिव्यांची देखभाल करणारी चिंगआत्या वात सारीत म्हणाली, "अर्धं पोटात ठेवून विचारलं की माता हसते. काय लपवलंत?"

"काही नाही, आत्या. जागाच तर विचारली."

"मग बसवायचं काय, ते तरी दाखवा तिला."

दोघांनी खिशातून आपापला स्विच काढून संत्र्यांच्या ताटाशेजारी ठेवला. प्रथमच ते शेजारी शेजारी आले. दाजींच्या स्विचवर पंच्याण्णव अंश कोरलेले होते, तेंगशानच्या स्विचवर पंच्याऐंशी. तेंगशानने मनाशी हिशेब मांडला. खालचे पाणी तर निवून आलेले. ते पंच्याण्णवला पोहोचेपर्यंत इंजिन उकळायला येणारच. आणि वरचे पाणी, इंजिन चालू असता, पंच्याऐंशीच्या खाली उतरतच नाही.

"दाजी, जागा तुमची बरोबर होती."

"आणि स्विच तुझा," दाजी हळूच म्हणाले. "आता विचार तिला, धड."

"माते, पंच्याऐंशीचा खाली बसवू?"

एक लाकूड सपाट बाजू वर करून पडले, एक उलटे. कौल मिळाला.

मिरवणुकीच्या दिवशी शेजारगावच्या देवळासमोर सिंहनृत्य मुद्दाम लांबविण्यात आले. तेथला पुजारी दोन बादल्या घेऊन उभाच होता.

"यंदा पाणी भरूनच ठेवलंय, मालक."

तेंगशानची नजर काट्यावरून हलेना. काटा चढला, मध्यापुढे सरकला. तोच पुढून घूंऽ असा आवाज आला. काटा थबकला, उतरला. थोड्या वेळाने पंखा आपणहून निवांत झाला. 

"आता या बादल्यांचं काय करू?" पुजाऱ्याने विचारले.

"ढोलवाल्यांना पाय धुवायला द्या," दाजी मागून म्हणाले. "आणि बाओ आज तुमच्याकडचेच चालतील."

पुजारी हसत आत गेला व खरोखरीच टोपली घेऊन आला. गावी परतल्यावर पंचांनी ट्रकच्या तोंडावर मानाचे नवे लाल वस्त्र स्वहस्ते बांधले.

येथवर ज्यांनी सोबत केली, त्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
श्ये वानफू