हेटी कधी नव्हतीच

ब्रश म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे रंगपेटी आणि पाण्याची वाटी येत असेल, मित्रांनो. मी तसला ब्रश नव्हे. माझ्या नशिबी दोनच रंग आले. आधी काळा, मग पांढरा. काळ्या रंगाने मी एका मुलीला या जगात आणलं आणि सव्वीस वर्षांनी पांढऱ्या रंगाने तिला नाहीसं केलं. हे सांगताना मला लाज वाटते. तरीही सांगतो.

माझे केस थंड मुलखातल्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या शेपटीचे आहेत. दांडा काळा, चकचकीत. न्यूयॉर्कच्या एका दुकानात काचेमागे मी बरेच दिवस पडून होतो. मग एक लांब बोटांचा माणूस आला. त्याने मला पाण्यात बुडवलं, ओठांत धरून माझं टोक काढलं, उजेडात पाहिलं आणि म्हणाला, "हा द्या." त्याचं नाव सिग टायटेलबाम. तो एका कॉमिक्सच्या कचेरीत चित्रं काढायचा.

ते साल होतं एकोणीसशे अठ्ठेचाळीस. सिग तेव्हा 'हार्बरमॅन' काढत होता. हार्बरमॅन म्हणजे दिवसा गोदीत वेल्डिंग करणारा टॉम ब्रॅनिगन, आणि संकट आलं की निळा मुखवटा चढवून नदीवरून उडणारा वीर. असे वीर त्या काळी गल्लोगल्ली होते. पण सिगने आपल्या वीराला एक बहीण दिली. चौदा वर्षांची, बहिरी, नाकावर वांगाचे ठिपके असलेली हेटी. तिची पहिली पापणी मी रेखाटली, मित्रांनो. शाई इतकी पातळ आणि हात इतका हलका होता की मला वाटलं, ती पापणी आता लवेल.

टॉम हाच हार्बरमॅन आहे हे जगात एकट्या हेटीला ठाऊक होतं. लढाईला निघाला की तो तिच्या पाचव्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर हवेत थांबायचा आणि हातांनी बोलायचा. "जेवलीस का? दार लावून घे. मी येतो." ती हातांनीच उत्तर द्यायची. सिग ते हात फार जीव लावून काढायचा. बोटांची ती भाषा शेकडो वेळा रेखाटता रेखाटता मलाही कळायला लागली.

वाचकांची पत्रं यायची. बहिऱ्या मुलांच्या एका शाळेने लिहिलं होतं, 'आमच्यासारखे हात फक्त तुम्हीच काढता.' संपादकांनी ते पत्र भिंतीला लावलं. लोक सिगची पाठ थोपटायचे आणि सिग खाली मान घालून शाईची बाटली उगाच पुसत बसायचा. मला वाटायचं, केवढा हा विनय!

आमच्यासारख्या ब्रशचं टोक काही महिन्यांतच बसतं. माझंही बसलं. सिगने शाईसाठी नवा ब्रश आणला, पण मला टाकून दिलं नाही. मला पांढऱ्या रंगाच्या बाटलीपाशी ठेवलं. तेव्हापासून आकाशातल्या चांदण्या, गोदीवरचा बर्फ आणि सिगच्या चुका एवढं माझं काम. चुकीची रेघ पडली की मी तिच्यावरून फिरायचो आणि ती नाहीशी व्हायची. त्याचाही मला गर्व होता.

अशी पंचवीसेक वर्षं गेली. सिगचे केस माझ्या रंगासारखे झाले. टेबलं कमी झाली, त्याच्या वयाचे चित्रकार एकेक करून घरी गेले. शेजारच्या टेबलावर गस टेडेस्को तेवढा उरला. पात्रांचं बोलणं ज्यात असतं त्या फुग्यांमधली अक्षरं लिहिणं हे त्याचं काम, आणि टोमणे मारणं हा छंद.

चौऱ्याहत्तर साली लाइल हेंड्री नावाचा नवा संपादक आला. वय सव्वीस. पोरगा वाईट नव्हता. हार्बरमॅनचे अंक वाचतच तो मोठा झाला होता, आणि कोणत्या अंकात कोणाच्या शर्टाला किती बटणं होती हे त्याला पाठ होतं. तेच त्याला छळत होतं. एके सकाळी तो सिगच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"सिग, काही जुळतच नाही हो. हेटी अठ्ठेचाळीस साली चौदा वर्षांची होती. आज ती किती वर्षांची?"

"चौदा," सिग म्हणाला.

"माझ्या बायकोला हे औषध कुठे मिळेल?" गसने मान वर न करता विचारलं.

लाइल हसला नाही. "म्हणून मी ठरवलंय. आता सगळं पहिल्यापासून नीट मांडायचं. हेटी नाही."

सिगने हातातली पेन्सिल खाली ठेवली. "मारायचं तिला?"

"मारलं तर ती होती असं होतं. ती नव्हतीच. टॉम अनाथाश्रमात वाढला, एकटा. एकटा वीर जास्त भारी वाटतो. जुन्या गोष्टींचं आपण पुस्तक काढतोय ना, त्यातूनही तिला काढून टाकायचं. नव्या वाचकाला पत्ताच लागायला नको."

गसने मान वर केली. लाइल थोडा नरमला. "तुम्हाला जड जात असेल तर खालच्या मजल्यावर देतो. तिथली पोरं दोन दिवसांत रंग फासून देतील. आणि नवी मालिका तुम्हीच काढायची हं, मी वर तसं सांगून ठेवलंय."

सिगने पेन्सिल पुन्हा उचलली. मग म्हणाला, "दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. मी करतो."

परक्या हाताने तिचा चिखल करू नये म्हणून आपण हे अंगावर घेतलं, असं त्याने गसला सांगितलं. मीही तेच खरं मानायला बघत होतो. पण मी त्याच्या बोटांत होतो. बासष्टाव्या वर्षी त्याला आपलं टेबल सोडायचं नव्हतं. नाही म्हणायला एक शब्द लागला असता आणि तो त्याच्या तोंडून निघाला नाही.

कपाटातली मूळ पानं बाहेर आली आणि आम्ही कामाला लागलो. स्वयंपाकघरातली हेटी गेली, तिथे भिंत आली. जिन्यावरची हेटी गेली, तिथे सावली आली. ती पहिली पापणीही गेली. माझं टोक एकदाही अडखळलं नाही.

एका पानावर मात्र पंचाईत झाली. खिडकी रिकामी झाली, पण खिडकीबाहेर हवेत थांबलेला टॉम अजून हातांनी बोलतच होता.

"हे हात कोणाशी बोलताहेत आता?" सिगने विचारलं.

लाइलने डोकं खाजवलं, मग त्याचे डोळे चमकले. "त्याची शक्ती जागी करायची खूण! गस, फुगा टाका. 'वादळांनो, जागे व्हा!'"

गसने फुगा लिहिला. त्या दिवशी त्याने एकही टोमणा मारला नाही.

आता तुम्हाला मिनाबद्दल सांगायला हवं. मिना ही सिगची सख्खी धाकटी बहीण. ती जन्मापासून बहिरी होती आणि ब्रुकलिनमध्ये एकटी राहायची. हेटीच्या नाकावरचे ठिपके तिचे होते. सिग दर रविवारी तिच्याकडे जेवायला जायचा. सोमवारी गस विचारायचा, "हेटीचं सांगितलंस तिला?"

"सांगणार होतो. सूप इतकं छान झालं होतं, की म्हटलं कशाला."

पुढच्या सोमवारी सूपच्या जागी मासे यायचे. सांगणं राहूनच गेलं.

मिना पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला होती. तिथल्या यंत्रांच्या खडखडाटाने बाकीच्यांची डोकी उठायची, तिला त्याचं काही नसे. लाइलचं पुस्तक छापून झालं आणि त्याचे फॉर्म, म्हणजे घड्या घातलेले छापील कागद, शिवायला नेमके त्याच कारखान्यात गेले. ते मिनाच्याच टेबलावर आले.

गुरुवारी दुपारी सगळे जेवत असताना ती आमच्या कचेरीत आली. अठ्ठावन्न वर्षांची, ठेंगणी बाई. अंगात अजून कारखान्याचा एप्रन होता. हातात न शिवलेला एक फॉर्म. तिने तो सिगच्या सँडविचशेजारी उलगडून ठेवला. खिडकी रिकामी होती. तिने टॉमच्या हातांवर बोट ठेवलं आणि मग स्वतःच्या हातांनी विचारलं, 'हा कोणाला विचारतोय, जेवलीस का म्हणून? भिंतीला?'

सिगला हातांची भाषा कळायची. पण तो उत्तर नेहमी तोंडानेच द्यायचा आणि ती त्याच्या ओठांवरून वाचायची. "मिना, ऐक, हे वरून ठरलं. माझ्या हातात नव्हतं."

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत अजून पांढरा रंग होता.

सिग घाईने उठला. कपाटातून ते मूळ पान काढलं, कापूस ओला केला आणि खिडकीवरून फिरवू लागला. खालची शाई पक्की होती. पांढरा रंग विरघळू लागला आणि त्यातून हेटीचं कपाळ राखाडी होऊन वर आलं. "बघ, आहे ती! अजून आहे!" तो म्हणत होता. मिनाने त्याचं मनगट धरलं आणि बाजूला केलं.

'पुसू नकोस. मी आले म्हणून पुसतोयस.'

तेवढ्यात लाइल कॉफीचा कागदी पेला घेऊन दारात आला. "काय म्हणताहेत या?"

"गप्प बस, पोरा," गस म्हणाला.

"नको," सिग म्हणाला. "विचारलंय तर सांगतो." आणि मिनाचे हात जे बोलत गेले ते तो मोठ्याने सांगत गेला, एकेक वाक्य.

"ती म्हणते, आम्ही लहान असताना ट्रॅमने जायचो. ती हातांनी बोलायला लागली की मी हात खिशात घालून बाहेर बघायचो." तो थांबला. मिना थांबली नाही. "ती म्हणते, माझे मित्र ट्रॅममध्ये चढले आणि त्यांनी विचारलं, ही कोण? मी म्हणालो, शेजाऱ्यांची आहे."

लाइलने पेला खाली ठेवला.

"ती म्हणते, तिने ते माझ्या ओठांवरून वाचलं. आठ वर्षांची होती. घरी कोणाला सांगितलं नाही." मिनाचे हात पुढे बोलत होते. "मग मी हेटी काढली. बहिणीशी चारचौघांत हातांनी बोलणारा भाऊ काढला. ती म्हणते, तो खोटा होता हे तिला माहीत होतं. तिला वाटलं, मी माफी मागतोय. सव्वीस वर्षं तिने ती माफी महिन्याच्या महिन्याला विकत आणून वाचली."

शेवटचं वाक्य त्याला मोठ्याने सांगता आलं नाही. पण मी ते पाहिलं. 'आता तू माफीवरच रंग फासलास.'

मित्रांनो, मी तेव्हा बाटलीशेजारी पडून होतो. माझ्या केसांत हेटीवरचा रंग वाळत होता. पाठ थोपटली जाताना सिग खाली मान का घालायचा हे मला त्या क्षणी कळलं. ज्या हातांचं सगळे कौतुक करत होते, ते हात त्याने कागदाबाहेर कधी उघडलेच नव्हते. आणि मी मात्र त्याला विनय समजत होतो.

लाइल चाचरत म्हणाला, "दुसऱ्या आवृत्तीत आपण हेटीला परत..." मिनाने त्याचे ओठ वाचले आणि नुसती मान हलवली. तिने फॉर्मची घडी घातली आणि जायला निघाली.

सिग तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. सगळी कचेरी बघत होती. त्याने उजवा हात वर केला, उघडा तळवा छातीवर ठेवला आणि गोल फिरवला. तसाच पुन्हा फिरवला. चित्रात त्याने हजार खुणा काढल्या होत्या, पण ही त्याला धड येत नव्हती. उघडा तळवा छातीवर फिरवला की हातांच्या भाषेत त्याचा अर्थ होतो 'कृपा करून'. तो तेच म्हणत राहिला. कृपा करून. कृपा करून.

मिना आणखी जवळ आली. मग तिने त्याचा हात हातात घेतला आणि त्याची लांब, रंगाने माखलेली बोटं एकेक करून आत दुमडली. मूठ झाली. ती मूठ तिने त्याच्या छातीवर ठेवली आणि स्वतःच्या हाताने गोल फिरवून दाखवली. जणू सांगत होती, 'माफ कर' हे असं म्हणतात, सिग.

त्याने ते म्हटलं. नीट म्हटलं. तिने त्याला माफ केलं की नाही हे मला माहीत नाही. ती रविवारी त्याला जेवायला बोलावत राहिली एवढं कळलं.

पुस्तक तसंच बाजारात गेलं. दुसरी आवृत्ती निघालीच नाही. नवी मालिका सिगने घेतली नाही. वर्षअखेरीला त्याने टेबल आवरलं. आज कोणाला विचारलंत तर हार्बरमॅनला बहीण नव्हती असंच सांगतील, आणि पुस्तक उघडून दाखवतील.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी तरी माझ्यासारखा एखादा ब्रश येईल. रेघ चुकली असेल तर खुशाल पुसा, मी त्याच कामासाठी आहे. पण रंगात बुडवण्याआधी खाली कोण आहे ते बघा, आणि ते माणूस जिवंत असेल तर आधी जाऊन त्याला विचारा. रविवारी जेवायला गेलात तर सूप निवलं तरी चालेल, पण विचारा. सिगने विचारलं नाही. आणि मी, जो तिच्या पापणीपासून तिला ओळखत होतो, तिच्या डोळ्यांवरून फिरताना थोडासुद्धा थरथरलो नाही.