नातीची लस

"अहो आजोबा, टोचणार मी बाळाला. डोळे तुम्ही कशाला मिटताय?"

पद्मजा सिस्टरांनी विचारलं आणि विश्रांतवाडीतल्या महापालिकेच्या दवाखान्यातली अख्खी रांग हसली. जीभ तिखट, हात हलका, अशी त्यांची ख्याती. लशीबद्दल कुणी शंका काढली, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "माझ्या समर्थला इथंच टोचलंय. आता बाप झालाय तो." एवढ्यावर बायका निर्धास्त होत.

पुढे खातूनबी आल्या. त्यांच्या सगळ्या मुलांना सिस्टरांनीच टोचलेलं. आज सून मिसबा बाळाला छातीशी घट्ट धरून मागे उभी होती.

"हिला खासगी दवाखान्यात जायचंय," खातूनबी म्हणाल्या. "म्हटलं, सिस्टरांच्याच तोंडून ऐक. तुमच्या नातीलाही इथंच टोचलं ना?"

सिस्टरांचा हात थांबला. नुसतं 'हो' म्हटलं की काम झालं असतं. पण इतकी वर्षं या बायकांनी त्यांच्या शब्दावर पोरं सुईपुढे धरली होती. खोटं बोलायला जीभ रेटेना.

"नाही," त्या म्हणाल्या. "सूनबाईंनी खासगीत नेलं. तिथल्या लशीनं ताप कमी येतो. रोग दोन्ही लशी अडवतात, हे घरी सांगून मी दमले."

गेलं हे बाळ हातचं, असं सिस्टरांना वाटलं.

खातूनबींना मात्र हसू फुटलं. "या अल्ला! तुमचंसुद्धा घरी कुणी ऐकत नाही?"

"सिस्टर इथं. घरी नुसती सासू."

मिसबा हसली नाही. "ताप किती येईल?" तिनं विचारलं.

"येईल रात्री. औषध देते. दूध पाजत राहायचं. उतरला नाही तर सरळ मला फोन करायचा."

"हो म्हणाला असतात, तरी मला कुठं कळणार होतं?" मिसबा हळूच म्हणाली आणि तिनं बाळाचं दुपटं सोडलं.

सुई टोचताच बाळानं दवाखाना डोक्यावर घेतला. मिसबाला बघवेना. तिनं तोंड फिरवलं, तेव्हा सिस्टरांनीच त्याला खांद्यावर घेऊन थोपटलं.

नातीला टोचलं त्या दिवशीही त्या याच खुर्चीवर होत्या. तिला असं कुणी थोपटलं का, हे त्यांनी घरी विचारलंच नव्हतं.

बाळ शांत झालं, तरी त्या थोपटतच राहिल्या. रांगेतलं कुणीही घाई करा म्हणालं नाही.