उत्तर नसेल तर होय

शुक्रवारी दुपारी परळच्या ऑफिसात डबा खाता खाता रुपाली परबने फोनवर ‘सहमत’ उघडलं आणि तिचा हात पोळीवरच थांबला.

‘सहमत’ हे बिल्डरचं ॲप. काळाचौकीची आंबोलकर चाळ पाडून तिथे टॉवर बांधायचा होता, आणि त्यासाठी शहाण्णव खोल्यांपैकी निदान एकोणपन्नास खोल्यांची संमती लागत होती. कागद, सह्या, साक्षीदार ही कटकट नको म्हणून बिल्डरने चाळकऱ्यांच्या फोनात ॲप टाकून दिलं. आठ दिवस मुदत. ‘सहमत’ नाहीतर ‘असहमत’, बोट दाबा, विषय संपला. मुदत आज बारा वाजता संपली होती. रविवारी पाचला चाळीच्या सभेत आकडा जाहीर व्हायचा आणि कमिटीचा सेक्रेटरी रामदास शिर्के त्यावर सही करणार. एकदा सही झाली की मागे फिरायला वाट नाही.

रुपालीने ‘असहमत’ दाबलं होतं. आकडा काय लागतोय ते बघायला तिने ॲप उघडलं, तर पडद्यावर चाक फिरलं आणि खाली ओळ आली: ‘थांबा, हात मोजतोय.’

ही ओळ तिची होती.

कुठल्याही कंपनीत बसलेला माणूस मतांना ‘हात’ म्हणणार नाही. ते चाळीतल्या गणपती मंडळाचं बोलणं. सहा वर्षांपूर्वी रुपालीने मंडळासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. मूर्ती किती फुटांची, बेंजो की लेझीम, असले ठराव सगळ्यांना फोनवरून करता यावेत म्हणून. शिकवायला कोणी नव्हतं. रात्रीच्या कॉलेजातलं अर्धवट शिक्षण आणि बाकी स्वतःच्या डोक्याने. लिहून झाल्यावर तिने तो नेटवर उघडा ठेवला. ओपन सोर्स. आरती जशी कुणाच्या बापाची नसते, ज्याला यायची त्याने म्हणावी, चाल बदलावी, तसा. अट एकच: माझा कोड घेऊन काही बनवलंत, तर ज्याच्या हातात ते द्याल त्याने मागितल्यावर आतलं सगळं दाखवायचं.

फुकट म्हटलं की आपल्याकडे माणूस दोन कामं करतो. घेतो, आणि देणाऱ्याचं नाव पुसतो. बिल्डरच्या कंपनीने दोन्ही केली होती.

चाक थांबलं. सहमत ७१. असहमत २५.

रुपालीने बेरीज केली. शहाण्णव. म्हणजे झाडून सगळ्या खोल्या. पण तळमजल्यावरचे गावडे महिनाभर सावंतवाडीला आहेत, खोलीला कुलूप. तिसऱ्या मजल्यावरच्या मालनकाकूंकडे साधा बटणाचा फोन. आणि तिचा बाप, वसंत परब, गिरणीत बावीस वर्षं काढलेला माणूस, आठ दिवस एकच पालुपद लावून बसला होता, “कागद वाचल्याशिवाय मी कशाला बोट लावणार नाय.” परबांकडे दोन खोल्या होत्या, एक त्याच्या नावावर, एक तिच्या. त्याने काहीच दाबलं नव्हतं.

मग यांची मतं आली कुठून?

तिने कॉम्प्युटरवर आपला सहा वर्षांपूर्वीचा कोड उघडला. खाली खाली गेली. एकशे बाराव्या ओळीत लिहिलं होतं: उत्तर नसेल तर होय.

हेही तिनेच लिहिलं होतं. मंडळाची रीतच तशी. बाबा अध्यक्ष असताना सभेत तीनदा विचारायचे, “कोणाची हरकत?” कोणी बोललं नाही की टेबलावर हात आपटून “मंजूर!” गप्प बसला तो आपल्यातला, त्याला राग नाही, तो वर्गणीही देणार आणि मूर्ती खांद्यावरही घेणार. लहानपणापासून तिने हेच पाहिलं, आणि जसंच्या तसं मशीनला शिकवून ठेवलं. लेझीमसाठी ठीक होतं. माणसाच्या डोक्यावरचं छप्पर काढायला ती ओळ कोणी वापरेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

संध्याकाळी ती थेट गिरगावात गेली, निलेशकडे. निलेश तिचा नेटवरचा जोडीदार. तिच्या प्रोग्राममधल्या चुका शोधत शोधत ओळख झालेली. त्याने सगळं ऐकलं आणि टेबलावर मूठ हाणली.

“काढून टाक! आत्ताच्या आत्ता डिलीट मार. आणि पुढच्याला अट टाक, बिल्डरांनी वापरायचा नाही म्हणून.”

“आणि सावकारांनी नाही, पुढाऱ्यांनी नाही, मला न आवडणाऱ्या माणसांनी नाही. यादी कोण करणार, तू?”

“मग कसलं गं तुझं हे उघड्या कोडचं स्वातंत्र्य? चोरांना मोकळं रान?”

“कोड उघडा आहे म्हणून तर मला ती ओळ दिसली, निल्या. त्यांचा बंद असता तर आपण बोंबलत बसलो असतो. कोणी दाखवलं असतं?”

“दिसली, बरोबर. पण ओळ तुझी आहे. चाळीत काय सांगशील?”

रुपालीने निलेशचाच कॉम्प्युटर पुढे ओढला. तिने कंपनीला मेल टाकला: तुमच्या ॲपमध्ये माझा कोड आहे, अटीप्रमाणे आतलं सगळं दाखवा.

शनिवारी दिवसभर उत्तर नाही. तो दिवस तिने दारोदार ‘बटण दाबलंत का?’ एवढंच विचारण्यात घालवला. रविवारी चार वाजता ती मंडळाच्या हॉलपाशी पोचली, तर दारातच बिल्डरचा माणूस उभा. उन्मेष त्याचं नाव. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीची भाषा.

“रुपाली मॅडम, दोन मिनिटं. आपला मेल वाचला. खरं सांगतो, आमच्या टीमने कुठून काय घेतलं ते मलाही ठाऊक नव्हतं. आम्ही तुमचं नाव देऊ. मानधनाचंही बघू. फक्त आज सभेत हा तांत्रिक विषय नको.”

“तांत्रिक? सदतीस खोल्यांनी बटणच दाबलेलं नाही.”

“तुम्हाला कसं कळलं?” तो पटकन म्हणाला, आणि लगेच सावरला. “म्हणजे, मतदान गुप्त आहे.”

“मला खात्री नव्हती,” रुपाली म्हणाली. “गावडे, मालनकाकू, बाबा, आणखी दारोदार विचारून मी सदतीसावर आले. बरोबर आहे ना?”

उन्मेष हसला. हसणं तोंडापुरतंच होतं.

“ठीक. सांगा तुम्ही. पण ती ओळ कोणी लिहिली तेही सांगावं लागेल. आम्ही तर एक तयार वस्तू वापरली. लोक आधी कोणाची कातडी सोलतील, मॅडम? मी सहाला माझ्या घरी जाईन. तुम्हाला इथेच राहायचंय.”

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. ते खरं होतं.

हॉल भरला होता. प्रोजेक्टरच्या पडद्यावर ७१ आणि २५. पुढच्या रांगेत वसंत परब, शेजारी मालनकाकू. रामदासने घसा खाकरला.

“तर मंडळी, ॲपप्रमाणे एकाहत्तर सहमत. दणदणीत. मी आता सही करतोय. कोणाची हरकत?”

त्याने पेन उघडलं. हॉलमध्ये कोणी हूं की चूं केलं नाही. एकाहत्तर हा आकडा असा असतो की पंचवीसवाल्यांची जीभ टाळूला चिकटते. आणि ज्यांनी काहीच दाबलं नव्हतं त्यांना वाटत होतं, आपण एकटेच राहिलो, बाकीच्यांनी दाबलं असणार. बेरीज बाकी कोणी केलीच नव्हती.

“कोणाची हरकत?” रामदास दुसऱ्यांदा म्हणाला.

रुपालीने खुर्ची मागे सारली. ती उठली.

“माझी. एकाहत्तरात पंचवीस मिळवा, रामदासदादा.”

“शहाण्णव. बरं मग?”

“चाळीत खोल्या किती?”

“शहाण्णव.”

“गावड्यांनी सावंतवाडीहून कुलुपाला सांगितलं का, बटण दाब म्हणून?”

मागून कोणीतरी फिसकन हसलं. उन्मेष पुढे सरकला. “मतदान गुप्त आहे. कोणी काय केलं हे विचारणं बेकायदा होईल.”

“मी कोणी काय केलं ते विचारतच नाही. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांनी फक्त उभं राहायचं. ज्यांनी ना सहमत दाबलं, ना असहमत. उभे राहा.”

कोणी उठलं नाही. पंखे गरगरत होते. आता कोणी उठलं नाही तर त्या गप्प बसण्यालाही ‘मंजूर’च म्हणणार, हे रुपालीला दिसत होतं.

वसंत परबने खुर्चीचा हात धरला आणि उठला. “मी नाय दाबला.”

मालनकाकू बसूनच हात वर करत म्हणाल्या, “माज्याकडे तर फोनच नाय गो तसलो. रामदासान नाव घातल्यान माजा, तेच्या फोनावरसून.”

“काकू, मी फक्त नाव नोंदवलं, आईशप्पथ!” रामदास ओरडला. “मत नाही दिलं!”

मग खुर्च्या सरकायला लागल्या. एक इथे, दोन तिथे. रामदास बोटाने मोजत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. एकतीस माणसं उभी. हॉलला न आलेली वेगळीच.

“हरामखोर!” मागून एकजण उन्मेषवर धावला. धावणाऱ्याला दोघांनी कवेत धरून अडवलं. “आमच्या नावाने तू बटणं दाबलीस काय रे?”

“आम्ही काहीही दाबलेलं नाही,” उन्मेष शांतपणे म्हणाला आणि रुपालीकडे वळला. “प्रोग्रामच तसा होता. उत्तर नसेल तर होय. कोणी लिहिलाय तो, मॅडम?”

शंभर डोकी तिच्याकडे वळली. अजूनही गप्प बसता आलं असतं. पुरावा नेटवर होता, पण हॉलमध्ये कोणी तो पाहिला नव्हता.

“मी,” रुपाली म्हणाली. “सहा वर्षांपूर्वी, मंडळासाठी. आपली सभेची रीत होती तीच लिहिली. ती ओळ नेटवर आहे, माझ्या नावाने, तारखेसकट. कोणीही बघा. यांनी ती उचलली, माझं नाव खरवडलं आणि तुमच्या घरांवर लावली. यांचं आतलं दाखवा म्हटलं तर दाखवत नाहीत. माझं उघडं आहे. चूक माझी आहे आणि ती लपवलेली नाही.”

“म्हणजे आगलावी तूच!” दुसऱ्या मजल्यावरची एक बाई कडाडली. “फुकट वाटायची हौस! घरातली गोष्ट बाजारात कशाला मांडलीस?”

“मांडली म्हणून सापडली,” रुपाली म्हणाली.

वसंत परब अजून उभाच होता. तो पोरीकडे वळला. सगळ्यांना वाटलं बाप आता सांभाळून घेईल.

“मी गप्प बसलो त्याचा अर्थ तू ठरवलास?” तो म्हणाला. “मला न विचारता?”

“बाबा, तुम्हीच तर सभेत...”

“मी माणसांची तोंडं बघायचो. कोण नाराज, कोण घाबरलाय, कोणाची बायको आजारी. मग हात आपटायचो. तुझ्या मशीनला तोंडं दिसतात?”

रुपालीने मान खाली घातली. खरं तर तेव्हाही टेबलावर हात आपटला जायचा तेव्हा कितीतरी तोंडं पडलेली असायची, ती तिने पाहिली होती. पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

रामदासने पेनाचं टोपण लावलं. “हा आकडा रद्द. आत्ताच्या आत्ता चिठ्ठ्या टाकायच्या. खोलीमागे एक. शाळेच्या वहीची पानं फाडा.” मग तो थांबला. “आणि रुपाली मोजायला बसणार नाही. चालेल ना?”

“चालेल!” अख्खा हॉल म्हणाला. तिच्या बाजूने उभे राहिलेलेही.

ती चिठ्ठी टाकून बाहेर आली आणि पायरीवर बसली. मांडीवर कॉम्प्युटर घेतला. एकशे बारावी ओळ पुसून नवी लिहिली: उत्तर नसेल तर उत्तर नाही. खाली का बदललं तेही लिहिलं, चाळीचं नाव न घालता, स्वतःचं घालून. निलेशचा फोन आला.

“डिलीट केलंस?”

“नाही. दुरुस्त केलं. कंपनीच्या नावाने तक्रार उद्या टाकू, अट मोडल्याची.”

“त्यांनी हे दुरुस्त केलेलंही फुकट घेतलं तर?”

“घेऊ दे. निदान चूक तरी माझी वापरणार नाहीत.”

आत टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. सहाच्या सुमाराला रामदासने दारात येऊन आकडा सांगितला. होय चव्वेचाळीस. नाही एकोणचाळीस. तेरा खोल्या आल्याच नाहीत. एकोणपन्नासला पाच कमी. टॉवर अडला. उन्मेष प्रोजेक्टरची वायर गुंडाळत म्हणाला, सहा महिन्यांनी नव्या अटींसह पुन्हा भेटू.

माणसं बाहेर पडली. चव्वेचाळीस जणांपैकी कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. एकोणचाळीस जणांपैकी काहींनी पाठ थोपटली, तिला ती नको होती. वसंत परब तिच्या शेजारून पायरी उतरला, चपला घातल्या आणि घराकडे चालू लागला.

सगळ्यात शेवटी मालनकाकू आल्या, भिंतीला धरत धरत. रुपालीने उठून हात पुढे केला.

“काकू, आता बरं झालं ना? तुमच्या नावाने कोणी होय म्हणू शकणार नाही.”

म्हातारीने तिच्याकडे बघितलं.

“मी होयच लिवलंय गो चेडवा.”

रुपालीचा हात तसाच राहिला.

“तीन जिने चढतंय मी दिसाक चार वेळा. ह्या गुडघ्यांनी. माका लिफ्ट होया. पाच मतांनी गेली.” काकूंनी पदर सारखा केला. “तू बोलली नसतंस तर गावली असती.”

“मग... मी बोलायला नको होतं?”

“असा खय म्हटलंय मी?” मालनकाकू चिडल्या. “तेनी माका इचारल्याशिवाय माजा होय घेतला. तू पण इचारूक नाय. कोणीच इचारूक नाय, मगे माका काय होया ता तुमका कळतला कसा? आज पयल्यांदा कोणीतरी कागद दिल्यान हातात.”

त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि स्वतःच पायरी उतरल्या. चाळीच्या जिन्यापाशी पोचून वर बघितलं, एक शिवी हासडली आणि चढायला लागल्या. रुपाली चार पावलं मागे चढत राहिली, कारण हात हवा असं काकू म्हणाल्या नव्हत्या.