न कापलेली घोडी

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. रंग राखाडी, दात झिजलेले, डोळ्यांत कायमचं धुकं. दुपारच्या उन्हात उभी राहिले की मला डुलकी लागते आणि सगळं आयुष्य कुरणावरच्या ढगासारखं संथपणे माझ्यावरून सरकत जातं. आज झोप यायच्या आधी त्यातलं थोडं तुम्हाला सांगते.

माझा जन्म नारिन नदीच्या वरच्या कुरणात झाला. बर्फ नुकतंच वितळलं होतं. मला आठवते ती आईच्या पोटाची ऊब आणि ओल्या गवताचा वास. मी उभी राहायला धडपडत होते, तेव्हा एक माणूस मोठ्यानं हसला. "अगं झूराकान, बघ तरी! पाय चार आणि चारही निघालेत चार गावांना!"

तो एसेनकुल. माझी आई शेजारच्या तोक्तोसुनची होती, पण एसेनकुलनं मला तेव्हाच मागून घेतलं आणि तो माझा धनी झाला. झूराकान त्याची बायको. त्यांचा मुलगा कुबात पुढे शहरात गेला आणि साहेब झाला. मुलगी सालकिन घरीच राहिली. वय वाढलं तरी तिची समज लहान मुलाइतकीच राहिली. परक्या माणसाशी ती एक शब्द बोलायची नाही. पण तिच्याइतक्या हलक्या हातांनी मला कुणीही दोहलं नाही. दोहताना ती गुणगुणायची, आणि मला उभ्या उभ्या स्वप्नं पडायची. माझं दूध आंबवून केलेलं कुमिस प्यायला लोक दुसऱ्या खोऱ्यातून यायचे. "ही घोडी नव्हे, झरा आहे झरा," म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला फार आवडायचं.

आमच्याकडे दोन रिती आहेत. माणूस गेला की पाहुण्यांसाठी घोडा कापतात. आणि मरणाऱ्या माणसानं आपलं शेवटचं सांगणं सांगून जायचं असतं. त्याला केरेएझ म्हणतात. ते मोडायची कुणाची छाती होत नाही. तोक्तोसुन नेहमी म्हणायचा, "वेळ आली की सांगेन. घाई काय आहे?" वेळ आली ती दरड होऊन, खिंडीत, एका क्षणात. त्याच्या मनात काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग नातेवाइकांनी घराण्याची शान राखायची म्हणून त्याच्या होत्या तेवढ्या घोड्या कापल्या. माझी आईही त्यात गेली. त्या हिवाळ्यात त्याची विधवा भांडं घेऊन आमच्या दारात दूध मागायला यायची. झूराकान तिचं भांडं भरून द्यायची आणि आत जाऊन डोळे पुसायची.

एसेनकुलच्या मनाला ते लागलं. एकदा डोंगर उतरताना तो माझ्या मानेवर वाकून बोलायला लागला. "ऐक पोरी. मी गेलो तर तुला कापायचं नाही. तू सालकिनची. खालचं कुरणही तिचं, तिला जगायला. आणि मी नुसता श्वास घेत पडलो तर शहरात नेऊन नळ्या लावायच्या नाहीत. इथे छताच्या झरोक्यातून आभाळ दिसतं, तिथेच मला राहू द्यायचं."

मी कान मागे करून सगळं ऐकलं. पण घरी पोचून त्यानं तोंड उघडलं की झूराकान अंगावर यायची.

"शुभ बोला जरा! धडधाकट माणसानं केरेएझ बोलू नये. मरण ऐकत असतं."

"अगं, पण सालकिनचं—"

"चहा प्या."

आमचं घोडं पेंड खात होतं ते इथे. चहाचे किती तरी वाडगे रिकामे झाले आणि सांगायचं राहूनच गेलं.

मग एका शरद ऋतूत, कुरण सोडून खाली निघालो असताना, माझ्या पाठीवरचं ओझं एकदम एका बाजूला झुकलं. मी जागच्या जागी थांबले. एसेनकुल गवतावर पडला होता. उजवा हात लुळा पडला होता आणि जीभही. झूराकान त्याचा चेहरा ओंजळीत धरून रडत होती. "बोला ना हो! आता बोला! आता नाही अडवत मी."

मित्रांनो, त्याला काय हवं होतं ते सगळंच्या सगळं मला ठाऊक होतं. मी खिंकाळले, खूर आपटले, पुन्हा खिंकाळले. सालकिनला वाटलं मला भूक लागली. तिनं माझ्यापुढे मिठाचा खडा धरला. त्या खड्याची चव मी विसरू शकत नाही.

हिवाळाभर ती त्याला उन्हात माझ्याजवळ आणून बसवायची. तो माझ्या कानात तोंड घालून शब्द शोधायचा. आधी नुसती वाफ यायची. मग कधी तरी एक तुटका आवाज. बर्फ पाघळू लागलं तेव्हा तो "साल... किन" म्हणाला, आणि सालकिन इतकी हसली की मलाही धावत सुटावंसं वाटलं.

उन्हाळ्यात त्यानं एक मेंढा कापला आणि गावाला जेवायला बोलावलं. पांढऱ्या दाढीचा जुमाश, गावातला सगळ्यांत वडीलधारा, घोड्यावरून उतरता उतरताच म्हणाला, "काय रे, या वयात बारसं की काय?"

"केरेएझ," एसेनकुल अडखळत म्हणाला. "जि... जिभेचा भरवसा नाही."

झूराकाननं तोंड फिरवलं, पण या वेळी चहा पुढे केला नाही. त्याच्या पाठीशी उशी ठेवली आणि शेजारी बसली. तो एकेक शब्द ओढून काढत बोलला. गावच्या कचेरीतल्या बाईंनी ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, जुमाशनं साक्षीची सही केली, शिक्का बसला. कुबात मात्र आला नाही. फोनवर म्हणाला, "बाबा, हे अभद्र आहे. मला ऐकायचंच नाही."

पुढे काही उन्हाळे सुखाचे गेले. मग एसेनकुल गेला, त्याला हवं होतं तसाच, झरोक्यातल्या आभाळाखाली, सालकिनच्या हातात हात ठेवून.

कुबात आला. रितीप्रमाणे लांबूनच हंबरडा फोडत आला. डोळे पुसले आणि दोर घेऊन थेट माझ्याकडे वळला. सालकिननं माझ्या गळ्याला मिठी मारली. ती रडत नव्हती, नुसती गुणगुणत होती.

"दोर ठेव, कुबात," जुमाश म्हणाला. "बापाचं सांगणं आहे."

"मी नाही ऐकलं ते सांगणं! एका मेंढीवर बापाला पुरलं म्हणून गाव माझ्या तोंडात शेण घालेल."

झूराकान पुढे झाली. "तुझ्यासाठीही ठेवलंय त्यांनी काही."

"काय ठेवलंय? कुरण हिचं, घोडी हिची!"

"कुरण हिचं, पण हिच्यासाठी ते सांभाळायचं तू आणि जुमाशनं. तुझ्यावर भरवसा टाकलाय. आणि एक निरोप तोंडी ठेवलाय. म्हणाले, कुबात लोकांच्या तोंडाला भितो, लहानपणापासून. तो दोर घेऊन येईल. त्याला सांग, बापानंच तसं सांगितलं होतं असं बेधडक म्हणायचं. सगळी लाज माझ्या अंगावर टाक म्हणावं. मेलेल्या माणसाला लाज लागत नाही."

कुबातच्या हातातला दोर सैल झाला. मघाशी तो गावाला ऐकू जाईल असा रडला होता, आता त्यानं माझ्या मानेत तोंड खुपसलं. सालकिननं एक हात सोडवून त्याला थोपटलं, मला थोपटते तसंच. "गप, गप," ती म्हणाली. त्याला कोण काय म्हणेल याचं भय त्या दिवशी बापानं आपल्याबरोबर नेलं, असं मला वाटतं. दरवर्षी उन्हाळ्यात कुबात कुरणाचं कुंपण नीट करायला येतो आणि माझ्यासाठी मीठ आणतो.

आता माझं दूध आटलंय. कुमिस प्यायला येणारे मला ओळखतही नाहीत. तरी सालकिन रोज सकाळी भांडं घेऊन येते, रिकामी कास हळूच चोळते, गुणगुणते, आणि मला पुन्हा तीच स्वप्नं पडतात.

मित्रांनो, एसेनकुलची जीभ गेली त्या हिवाळ्यात मला सगळं ठाऊक होतं, पण बोलायला तोंड नव्हतं. तुम्हाला तोंड आहे. घरातलं वडीलधारं माणूस कधी मनातलं सांगू लागलं, तर त्याला चहा देऊन गप्प करू नका. शेजारी बसा, ऐका, लिहून घ्या. मरण ऐकत असेल तर ऐकू दे. घरच्यांनी ऐकायला हवं.