मेघाच्या बापाची छागल

मित्रांनो, खुंटीला टांगलेलं हे मळकट कापड बघून नाक मुरडू नका. मी छागल आहे. जुनी आहे, अंगावर ठिगळ आहे, पण म्हणून कोणी मला पोतडी म्हणायचं नाही. पाण्याची पिशवी म्हणा हवं तर. तुमच्यातल्या निम्म्यांनी माझं नावही ऐकलं नसेल, त्यात तुमचा दोष नाही. तुमच्या घरी गार पाणी वायरीतून येतं. आमच्या वेळी ते वाऱ्यातून यायचं.

धुळ्यात खाजाभाई ताडपत्र्या शिवत. त्यांनी मेण न लावलेलं जाड कापड निवडलं, दुहेरी शिलाई मारली, तोंडाला लाकडी बूच बसवलं आणि मला निंबाच्या हातात दिलं. निंबा म्हणजे माझा मालक, काळी-पिवळी जीपचा ड्रायव्हर. दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन तणतणत परत आला.

"खाजाभाई, हाई ते गळस."

"नवी आहे, गळणारच," खाजाभाई सुईतून दोरा ओवत म्हणाले. "भिजू दे तिला. धागा फुगला की गप बसेल. मग फक्त घाम येईल. आणि ज्या छागलीला घाम येतो तिचंच पाणी गार, भाऊ. जिला घाम नाही ती नुसती पिशवी."

हे मी जन्मभर लक्षात ठेवलं. मी भिजले, फुगले, गप बसले, आणि धुळे ते चाळीसगाव रस्त्यावर जीपच्या पुढे लटकून घाम गाळू लागले. वैशाखात डांबर पायाला चिकटायचं तेव्हा जीपमधली माणसं आधी माझी चौकशी करत. कोणी म्हणे, निंबाभाऊची छागल म्हणजे फ्रीज आहे. मला ते आवडत नसे. फ्रीजला म्हणावं, ये एकदा वैशाखात आणि लटक जीपच्या पुढे.

लग्न झालं त्या वर्षी निंबाने बायकोला पाटणादेवीला नेलं. तिचं नाव कुंदाबाई. चाळीसगावच्या पुढे डोंगर एकदम चिरल्यासारखा उघडतो, दोन्ही बाजूंना काळे कडे उभे राहतात, मधून नदी येते आणि वरच्या अंगाला धबधबा आहे. गावात निंबा चार पावलं पुढे चालायचा आणि कुंदाबाई मागे, तशी रीतच होती. त्या दरीत बघणारं कोणी नव्हतं. निंबा थांबला, तिला बरोबरीला येऊ दिलं आणि धबधब्यापर्यंत दोघं जोडीने चालली. तिथे त्याने माझं बूच काढून तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. ती पाणी पिता पिता हसली आणि पाणी नाकात गेलं. एवढंच झालं. पण कुंदाबाईने तो दिवस पैठणीसारखा घडी घालून ठेवला होता.

पुढे मेघा झाली, मोठी झाली, लग्न होऊन नाशिकला गेली. मग जीप विकली. घरात पाण्याचे जार येऊ लागले आणि मला मागच्या पडवीत या खुंटीला टांगलं. उंदराने माझा एक कोपरा खाल्ला. कोणाला सांगायचं? मी कोरडी, कडक होऊन पडून राहिले. कापडाचा स्वभावच आहे, पाणी मिळालं नाही की ते अकडतं.

घरात मात्र दुसरंच काही सुरू झालं होतं. निंबा विसरू लागला. आधी चष्मा, मग गल्ली. मग एका दिवाळीत मेघा आली तर तो म्हणाला, "या बाईसले चहा द्या रे कोनी." मेघा मोरीत जाऊन रडली. आणि त्यानंतर एक दिवस त्याने कुंदाबाईला हात जोडून विचारलं, "बाई, तुमी कोन गावन्या?" साऱ्या संसारात त्याने तिला इतका मान कधी दिला नव्हता. तोच तिला सोसवेना.

कुंदाबाई रडणारी बाई नाही. तिने मला खुंटीवरून काढलं, झटकलं, उंदराने खाल्लेल्या कोपऱ्यावर ठिगळ लावलं आणि बादलीत भिजत घातलं.

"चाल व बाई," ती मला म्हणाली. "तू बी उनथी तवय. ती दरी दखाडूत त्यासले. एक डाव माले वळखाले जोयजे, मंग काय व्हयी ते व्हवो."

त्याला ती दरी पुन्हा दाखवायची, तिला दुसरं काही नको होतं. एकदा त्याने तिला ओळखावं, एवढंच.

दोघं धुळ्याहून चाळीसगावच्या गाडीत बसली आणि पुढे रिक्षाने पाटणादेवीला पोचली. दिवाळी नुकतीच झालेली. सीताफळाची झुडपं लगडली होती, नदीचं पाणी नितळ झालं होतं, वानरं देवळाच्या पायऱ्यांवर बसून लोकांच्या पिशव्या तपासत होती. देवीचं दर्शन झालं. मी कुंदाबाईच्या खांद्यावर होते आणि तिने निंबाचं मनगट धरलं होतं. दगडधोंड्यांतून चढताना तिला धाप लागत होती, पण तोंड थांबत नव्हतं.

"हाई दरी वळखी का?"

"चांगली शे," निंबा म्हणाला.

"चांगली ते शेच. आपण उनथूत आठे. तुमले याद नही?"

"येल व्हसूत," तो म्हणाला, म्हणजे आलो असू.

धबधबा बारीक झाला होता, कड्यावरून पांढरी दोरी सोडल्यासारखा. शहरातली पोरं-पोरी पाठ फिरवून त्याच्यासोबत फोटो काढत होती. कुंदाबाईने निंबाला अगदी पाण्याजवळ नेलं.

"आठेच तुमीन मना ओंजळमा पानी दिधं. मी कोन शे, सांगा बरं."

निंबाने तिच्याकडे नीट पाहिलं. त्यालाही खरंच सांगायचं होतं, हे मला दिसत होतं. वर्गात उत्तर न येणारं पोर जसं बाईंच्या चेहऱ्यावर उत्तर शोधतं, तसं तो शोधत होता.

"तुमी चांगल्या बाई शेतस," तो शेवटी म्हणाला.

त्याला एका सपाट दगडावर बसवून कुंदाबाई मला भरायला खाली पाण्याकडे वाकली. मला भरायला वेळ लागतो, तोंड अरुंद आहे माझं. ती वळली तेव्हा दगड रिकामा होता.

"ओ मेघाना बाप," तिने हाक मारली. मग मोठ्याने मारली. झुडपांत बघितलं, नदीच्या वळणावर बघितलं. "ओ मेघाना बाप." फोटोवाली पोरं एव्हाना खाली उतरून गेली होती. दरीत ऊन लवकर उतरतं. सूर्य आभाळात असतो, पण कड्याआड जातो आणि खाली सावली भरू लागते. ती खाली-वर दोन्हीकडे हिंडली. त्या रानात बिबट्या आहे, तशी पाटी आम्ही येताना पाहिली होती.

तेवढ्यात वनरक्षक धनसिंग लोकांना परत पाठवत वर आला.

"अक्का, कोण हरवलं?"

"मेघाना बाप."

"त्यांचं नाव सांगा, मीही हाक मारतो."

"मेघाना बाप."

"अहो, मेघाच्या बापाचं नाव काय?"

मित्रांनो, आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. अडलंच तर नुसतं सुचवतात. कुंदाबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि वरच्या अंगाला एक कडुनिंबाचं झाड होतं त्याच्याकडे बोट दाखवलं. निंब, म्हणजे निंबा. गावातल्या कुठल्याही बाईला हे क्षणात कळलं असतं. धनसिंगला वाटलं, म्हातारा तिकडे गेला. तो "बरं" म्हणाला आणि धावत झाडाकडे सुटला, झाड ओलांडून वर रानातच शिरला. कुंदाबाई त्याच्या मागून "तसं नही ओ भाऊ" म्हणत राहिली. तो ऐकायला थांबला नाही.

ती एकटी उभी राहिली. पदर डोक्यावरून पुढे ओढला, जसं काही सासरची चार माणसं समोर बसली आहेत. मग ओठातल्या ओठात म्हणाली, "निंबा."

काही झालं नाही. आभाळ जागच्या जागी होतं. मग ती पोटातून ओरडली, "निंबा. ए निंबा, कोठे शेस रे?"

दोन्ही बाजूंचे कडे ते नाव परत फेकत राहिले. आणि जवळच्याच सीताफळीच्या झुडपांमागून आवाज आला, "ओ. उनू, माय."

निंबा बाहेर आला. सदऱ्याच्या ओच्यात सीताफळं होती. चेहरा असा खुललेला की जीपच्या दिवसांतही मी तो तसा पाहिला नव्हता.

"माय, मी आठेच व्हतू," तो म्हणाला. "कवयपासून एक बाई कोना तरी बापले बलाई राहिनथी. बिचारी. कोनीच तिले ओ दिधा नही."

कुंदाबाईच्या हाताची पकड माझ्या दोरीवर घट्ट झाली. एक शब्द बोलली असती तर तिला सांगता आलं असतं, ती बाई मीच. तिने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"तीस लागनी का, निंबा?" तिने तहानेचं विचारलं.

"लागनी."

तो उकिडवा बसला आणि त्याने ओंजळ पुढे केली. कुंदाबाईने माझं बूच काढलं. पाणी ओतताना बरंचसं खाली सांडलं. तो पोटभर प्यायला आणि म्हणाला, "गार शे, माय."

धनसिंग घामाघूम होऊन परत आला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "अक्का, मी आपला झाडाखाली म्हातारा शोधतोय. तोंडाने सांगायचं ना." कुंदाबाईने त्याला दोन सीताफळं दिली. परतीच्या गाडीत निंबा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला आणि ती उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

आता ती त्याला नावाने हाक मारते. उठ निंबा, जेव निंबा. गल्लीतली भिकुबाई एकदा म्हणालीच, "या वयमा नवराना नाव घेस. ऐकाले कसं लागस?"

"तुना नवरा 'अहो' म्हनं का येस," कुंदाबाई म्हणाली. "मना येत नही. मी काय करू?"



मित्रांनो, मी कापडाची, मला शहाणपण कमी. तरी माझं एक ऐका. तुमच्या घरी माझी कोणी बहीण खुंटीला असेल तर तिला अधूनमधून भिजवा आणि सावलीत वाळवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तिचा जीव घेऊ नका. आणि घरातलं कोणी विसरू लागलं, तर येता-जाता त्याची परीक्षा घेऊ नका. मी कोण, सांगा, असं विचारू नका. त्याला उत्तर येत नाही आणि येत नाही याची त्याला लाज वाटते. जवळ बसा आणि त्याला तहान लागली का, ते विचारा.